नाकारलेला मुलगा एकाएकी देखणा कसा झाला?

प्रिय अक्का,

मी २६ वर्षांची. बेळगावात वडगावला राहते, टिळकवाडीत एका सीएच्या ऑफिसात अकौंट्स बघते. मागच्या दिवाळीनंतर खानापूर तालुक्यातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर, घरी चार एकर भात. बघून गेले, मी नको म्हटलं. मुलगा वाईट नव्हता, पण शेतीवाला आणि खेड्यात राहायचं, अशा मुलाला आमच्यात हल्ली कोणीच होकार देत नाही. आता त्याच मुलाचं माझ्या मावसबहिणीशी जमलं. ती बीएड झालेली, माझ्यापेक्षा दिसायलाही उजवी. सुपारी फुटली त्या दिवशी तो क्रीम रंगाच्या कुर्त्यात बसलेला, ती त्याच्याकडं बघून हसली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तेव्हापासून डोळ्यांपुढं तोच. दिवसातून दहा वेळा त्याचं स्टेटस बघते. एकदा मेसेज टाईप करून पुसला.

इकडं निपाणीचं एक स्थळ चालू आहे. मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला. दोनदा भेटलो. एक दात वाकडा आहे म्हणून हसताना तोंडावर हात धरतो, मला ते बघून बरं वाटलं होतं. मार्चएंडला ऑफिसात किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, असंही त्यानं विचारलं. पण मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकजण म्हणाली, "हा? अगं तू काय, हा काय!" मग सगळ्यांनीच तसं लिहिलं. आता त्याचा फोन उचलावासा वाटत नाही, दोन मिस्ड कॉल तसेच पडलेत. घरचे महिनाअखेर उत्तर मागायलेत. खानापूरच्या मुलाला सोडून मी चूक केली का? हे प्रेम आहे का? बहिणीला सांगू का? मे महिन्यात लग्न आहे आणि करवली मीच.

– एक करवली, वडगाव

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं, चहा पिता पिता. दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन बसले. जन्मभर वह्या तपासल्यात, सवय जात नाही. पत्रातलं जे जे तू स्वतः बघितलंस त्याच्याखाली एक रेघ ओढली, जे लोकांकडून तुझ्यात आलं त्याच्याखाली दोन. निकाल पुढं सांगते.

बहिणीला सांगू का, याला वेळ लागत नाही. सांगू नकोस. तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. पुढच्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक गणपतीला तुम्ही दोघी एकमेकींच्या नजरा मोजत बसाल. त्यालाही मेसेज नको. आणि एक सांगू? तुझ्या पत्रात तो मुलगा म्हणजे दुकानात मांडलेलं भांडं झालाय. तू ठेवलास, तिनं उचलला. अगं, त्यालाही मन आहे, आणि त्यानं आपण होऊन तिला होकार दिलाय.

आता तो एकाएकी देखणा का झाला ते बघू.

माझ्या नणंदेच्या बस्त्याला आम्ही सातजणी शहापूरच्या खडेबाजारात गेलो होतो. या गोष्टीला तीसेक वर्षं होऊन गेली. पांढरी गादी, दुकानदार मांडी घालून बसलेला, मागून पोरगा घड्या फेकतोय. माझ्या पुढ्यात एक आमसुली इरकल येऊन पडली. पदर बघितला, काठ चिमटीत धरला, "जरा उदास वाटते" म्हणून बाजूला सारली. शेजारी संकेश्वरकडची पार्टी बसली होती. त्यांच्यातली एक बाई, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, बघताक्षणी कळावं की हिला कापडातलं कळतं, तिनं तीच इरकल उचलली. खांद्यावर टाकली, मान तिरकी करून आरशात बघितलं. खरं सांगते, त्या घटकेला ती साडी बदलली. रंग उजळला, काठ भरला. ही बाई आता ती खाली ठेवते कधी, एवढाच विचार माझ्या डोक्यात. तिनं ठेवली आणि मी झडप घातली. ती इरकल अजून ट्रंकेत आहे. दोनदा नेसले असेन. आमसुली रंग मला शोभत नाही, हे मला गादीवर बसल्या बसल्या पहिल्या फटक्यात दिसलं होतं की!

पुढं त्या दुकानदाराशी चांगली ओळख झाली. एकदा हसत हसत म्हणाले, "बाई, जी साडी हलत नाही ती आम्ही एकीला दाखवताना दुसरीच्या डोळ्यांसमोर उलगडतो. घेते ती शेजारची."

मुलगा म्हणजे साडी नव्हे, एवढं मलाही कळतं. साडीचं निदान फॉल लावायच्या आधी कळतं, माणसाचं सगळं फॉल-पिको झाल्यावर.

पण हे तुझ्या मत्सराचं लक्षण आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. माशांतही हेच चालतं. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून टाक्यांत, विहिरींत गप्पी मासे सोडतात ना, तेच. ली ड्यूगॅटकिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९२ साली त्यांच्यावरचे प्रयोग छापले. काचेच्या टाकीच्या दोन टोकांना दोन नर, मधे एक मादी. एका नराजवळ दुसरी मादी आहे, एवढं तिला दिसू द्यायचं. मग त्या दुसरीला काढून घ्यायचं आणि हिला मोकळं सोडायचं. बहुतेक वेळा ही त्याच नराकडं जायची, ज्याच्याजवळ तिनं मघाशी दुसरीला बघितलं होतं. पुढच्याच वर्षी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं आणखी एक बघितलं: तरुण माद्या मोठ्या वयाच्या माद्यांची नक्कल करतात, मोठ्या माद्या तरुणींची करत नाहीत. ते वाचलं तेव्हा मला संकेश्वरची ती बाई आठवली.

१९९६ चा त्याचा प्रयोग तुझ्या जास्त कामाचा आहे. गप्पी माद्यांना अंगावर जास्त नारिंगी रंग असलेला नर मुळातच आवडतो. ड्यूगॅटकिननं कमी नारिंगी नराशेजारी दुसरी मादी दाखवली. दोन नरांच्या रंगात फरक थोडा असला तर बघणारी आपली मूळ आवड सोडून दुसरीच्या मागं गेली. फरक ४० टक्क्यांच्या आसपास गेला तेव्हा मात्र तिनं दुसरीचं काही ऐकलं नाही, आपल्याला आवडणाराच निवडला. म्हणजे आपली स्वतःची आवड जिथं कच्ची, तिथं शेजारणीचा हात आपल्याला ओढतो.

माणसांचं म्हणशील, तर ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००७ साली बायकांना पुरुषांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या. त्यातल्या काहींकडं शेजारच्या फोटोतली बाई हसून बघतेय, काहींकडं कोऱ्या चेहऱ्यानं. हसून बघितलेला चेहरा बायकांना आधीपेक्षा जास्त आवडायला लागला. चेहरा तोच होता. (पुरुषांना तोच हसून बघितलेला चेहरा उलट कमी आवडला, आणि त्याचं मला मुळीच नवल वाटत नाही.) आता तू सुपारीच्या दिवसाचं काय लिहिलंयस ते परत वाच. क्रीम कुर्ता, ती हसली, पोटात खड्डा.

२०१८ साली आणखी एक अभ्यास छापून आला. त्यात बायकांना पुरुषांचे चेहरे दाखवलेच, शिवाय नुसते हात दाखवले आणि अमूर्त चित्रंही. इतरांनी किती गुण दिलेत ते कळल्यावर तिन्हींच्या बाबतीत मतं सारख्याच बेतानं सरकली. तुझ्या पोटातला खड्डा खराच आहे, तो खोटा म्हणायचा नाही. फक्त तसला खड्डा चित्र बघूनही पडतो, म्हणून त्याला लगेच प्रेम म्हणायची घाई मी करणार नाही.

ही सवय मूर्खपणाची आहे असंही समजू नकोस. नव्या गल्लीत राहायला गेलं की आपण डॉक्टर कसा शोधतो? दाराबाहेर चपला किती आहेत ते बघून. गोव्याहून आलेला पाहुणा कुंदा कुठल्या दुकानातला घ्यायचा हे गर्दीवरूनच ठरवतो आणि बहुतेक फसत नाही. पोह्यांच्या वीस मिनिटांत मुलाबद्दल कळणार ते काय? तो चमचा कसा धरतो आणि पगार किती सांगतो. तेव्हा तुझ्या मावसबहिणीसारखी शिकलेली मुलगी त्याला हो म्हणते, तेव्हा त्यातून काहीतरी नक्की कळतं. घर धडाचं असावं, मुलगा निर्व्यसनी असावा, चौकशी नीट झाली असावी. पण भातशेतीच्या गावात, खानापूरच्या त्या पावसात, तू सुखी होशील का, हे तिच्या होकारात कुठं लिहिलंय? तिचं बीएड झालंय, तिला गावाकडची शाळा हवी असेल. तिला म्हशी आवडत असतील, काय सांगावं. तिच्या होकारात तिचे हिशेब आहेत.

इथवर तुला थोडं कळलंही असेल. ज्याच्यावर माझं लाल पेन थांबलं ते वेगळंच वाक्य आहे: "आमच्यात हल्ली कोणीच होकार देत नाही." त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. पोरी, तुझा आजचा ओढा उसना आहेच, पण तेव्हाचा नकारही उसनाच होता.

आपल्या भागात काय चाललंय ते तुला दिसतंच. खानापूर घे, चिकोडी घे, नाहीतर पलीकडं चंदगड घे. पस्तिशीला आलेले शेतकरी मुलगे घरोघरी बसलेत आणि त्यांच्या आया देवांना नवस बोलतात. पुण्यात हिंजवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघांत राहणाऱ्या मुलाला चार दिवसांत पाच स्थळं येतात. मुलींना मी नावं ठेवत नाही. शेण, उसाच्या बिलाची वाट, दिवसातून दोनदा येणारी बस आणि सासूच्या हातातल्या चाव्या हे सगळं खरं आहे, मी स्वतः त्यातून आले. पण प्रत्येक मुलीनं हे सगळं तोलून नको म्हटलं असं नाही. पुष्कळजणींनी, आधीच्या मुलीनं नको म्हटलं म्हणून नको म्हटलं. दाराबाहेर चपला नाहीत, म्हणजे डॉक्टर वाईट असणार. मग एक बीएडवाली चप्पल काढून आत गेली आणि तुला वाटलं, अरे, आपण चुकलो की काय.

आता रेघांचा निकाल. खानापूरच्या मुलाबद्दल तू अर्धं पत्र लिहिलंस. त्यात एका रेघेची गोष्ट एकच सापडली, कुर्त्याचा रंग. बाकी फौंड्री, चार एकर, "वाईट नव्हता", बहिणीची पसंती, सगळं दोन रेघांचं. तो काय बोलला? कशावर हसला? तुला काही विचारलं का? एक अक्षर नाही. तू चूक केलीस का, याचं उत्तर मला देता येत नाही, कारण तू त्याला बघितलंच नाहीस. ना तेव्हा, ना आता. स्टेटसमध्ये दिसतो तो मुलगा तुझ्या बहिणीच्या डोळ्यांतून आलेला.

आणि निपाणीच्या मुलाबद्दल? वाकडा दात. तोंडावर धरलेला हात. तुला ते बघून बरं वाटलं. मार्चएंडचा प्रश्न. सगळ्या एकेक रेघेच्या गोष्टी, आणि सगळ्या तुझ्या. अकौंट्समधल्या मुलीला मार्चएंडचं विचारणारा मुलगा बघायला येतो तेव्हा काय वाटतं, हे तुझ्या मैत्रिणींना कुठून कळणार? त्यांना पाच इंचांच्या पडद्यावर एक फोटो दिसला. पहिलीनं "हा?" लिहिलं. दुसरीनं पहिलीचं वाचून लिहिलं, तिसरीनं दोघींचं वाचून. पाच मतं पडली असं तुला वाटलं, मत पडलं एकच. त्यातली पहिली चहा घेत असती आणि दुसरीनं आधी "साधा आहे गं, छान" असं लिहिलं असतं, तर तुझं पत्र मला आलंच नसतं कदाचित.

मैत्रिणींचं नाक मुरडणं हलकं समजू नकोस हं. सिनेमे बघून आपल्याला वाटतं की लोकांनी विरोध केला की प्रेम आणखी पेटतं. १९७२ साली अमेरिकेत एका अभ्यासात तसं दिसलंही होतं, आईवडिलांनी अडवलं की ओढ वाढते म्हणून. २०१४ साली दुसऱ्यांनी तेच पुन्हा तपासलं तेव्हा ते काही दिसलं नाही. उलट घरच्यांची, मित्रमैत्रिणींची पसंती जिथं होती तिथंच जोडप्यांचं प्रेम जास्त होतं. म्हणजे चारचौघांच्या शब्दात बळ आहे. म्हणूनच कुणाच्या हातात फोटो द्यायचा आणि कधी, हे जपून ठरवावं. मी तुझ्या जागी असते तर आधी आजीला दाखवला असता. आज्या दात बघत नाहीत. त्या कान बघतात आणि घराणं विचारतात.

मग करायचं काय? थोडं थांबायचं. किती थांबायचं याचाही अंदाज आहे. २०१४ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना चेहऱ्यांना गुण द्यायला सांगितलं, मग इतरांनी दिलेले गुण दाखवले, आणि काही दिवसांनी परत तेच चेहरे पुढं केले. इतरांच्या मताचा असर तीन दिवस टिकला. सात दिवसांनी विचारलं तेव्हा तो उरला नव्हता, लोक आपल्या मतावर परत आले होते. आता हे प्रयोगातले अनोळखी चेहरे, तुझा मामला जास्त गुंत्याचा आहे. शिवाय प्रयोगातल्या माणसांना दिवसातून दहा वेळा कुणी स्टेटस दाखवत नव्हतं. तू दर तासाला जखमेवरची खपली काढतेस आणि भरत का नाही म्हणून विचारतेस.

तर आठ दिवस खानापूरच्या मुलाचं स्टेटस म्यूट कर. मैत्रिणींचा ग्रुपही म्यूट, त्यांना कळणारसुद्धा नाही. निपाणीच्या मुलाचा फोटो कुणाला दाखवायचा नाही, स्वतःही काढून बघायचा नाही. फोटोतला माणूस स्थिर असतो, त्याच्यात दोष शोधायला फुरसत मिळते. आठ दिवसांनी त्याला बेळगावला बोलव. कॅम्पातल्या कॅफेत नको, तिथं तुझी एखादी मैत्रीण हमखास येऊन टपकेल आणि तू परत तिच्या डोळ्यांनी बघायला लागशील. किल्ला तलावाच्या काठानं दोन चकरा मारा. चालताना माणसं एकमेकांच्या तोंडाकडं कमी बघतात आणि जास्त खरं बोलतात, हा माझा अनुभव.

आणि नुसत्या गप्पा नकोत. राहायचं निपाणीत की कागलला, हे विचार. तुझी नोकरी टिकणार की तिकडं नवी शोधायची? तो पगार घरात कसा देतो? मुलं झाली तर शाळा कुठल्या माध्यमाची, मराठी, कन्नड की इंग्रजी? हा प्रश्न पुण्यातल्या मुली बघण्याच्या वेळी विचारत नसतील. आपल्या भागात तो आधी विचारलेला बरा, नाहीतर पुढं त्यावरून घरात दोन पक्ष पडतात. घरी आल्यावर कुणाशी बोलायच्या आधी वहीत चार ओळी लिही, आज मी काय बघितलं. कुणी काय म्हटलं, हे त्यात नको.

एवढं करून तो नाही आवडला तर नको म्हण. वाकड्या दाताचाच खरंच कंटाळा येत असेल तर तेही कारण चालेल मला, फक्त ते तुझं असू दे.

करवली व्हायचं टाळू नकोस. आजारपणाचं सोंग घेतलंस तर तुझी आई आधी ओळखेल आणि मग मावशी. हळदीच्या दिवशी पोटात परत थोडं हललं तर हलू दे, त्या दिवशी मांडवात सगळेच त्या दोघांकडं बघत असतात आणि नवरा मुलगा जगातल्या कुठल्याही मांडवात असतो त्याहून बराच दिसतो. तीन दिवस धर.

अप्पांना सांग, "मला आणखी एकदा भेटायचंय, महिनाअखेर नको, पाडवा झाल्यावर सांगते." बापाला तारीख दिली की तो थांबतो, "बघू" म्हटलं की चिडतो. आणि निपाणीला फोन आजच लाव. उत्तर द्यायला नाही, ते मिस्ड कॉल दोन झालेत म्हणून. मार्चएंडचं काम होतं म्हणावं. त्यानं विचारलंच होतं, त्याला पटेल.

– अक्का